मास्तरची गोळी आणि हिरवी जेली

आमच्या हार्लन फोर्क गावातल्या पुरुषांना देवाबद्दल फारशी शंका नाही आणि सरकारवर फारसा विश्वास नाही. बंदुकीच्या गोळीबद्दल मात्र प्रत्येकाचं मत ठाम असतं, आणि ते दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय त्याच्या घशाखाली कॉफी उतरत नाही. मी या गावात जन्मले आणि इथेच म्हातारी झाले. एवढ्या काळात बायकांनी मुलं वाढवली, चर्चचं छप्पर बदलून घेतलं, शाळा बंद पडत होती ती चालू ठेवली. पुरुष कोणती गोळी चांगली ते ठरवत बसले. अजून ठरलेलं नाही.

माझा नवरा हॅल्वर हायस्कुलात बीजगणित शिकवायचा. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. पुढे पुढे मीही म्हणायला लागले. सरळ माणूस. इतका सरळ, की कोणी "कसं काय मास्तर?" म्हणालं तर खरंच कसं काय आहे ते सांगायचा. अशा माणसानं शिकारीच्या वाटेला जाऊ नये. शिकारीचं निम्मं काम जंगलात असतं आणि निम्मं परत आल्यावर बोलण्यात असतं. हे दुसरं निम्मं त्याला कधीच जमलं नाही.

गावाच्या उत्तरेला एक बोडकी टेकडी आहे. फार वर्षांपूर्वी एका रविवारी, चर्च सुटल्यावर, मास्तरनं तिथे भरदिवसा एका एल्कवर गोळी झाडली. एल्क म्हणजे आमच्याकडचं गाईएवढं हरीण. ते आडवं उभं होतं. गोळी सुटली, तेव्हा त्यानं मान वर करून आभाळ पाहिलं. दुसरी सुटली, तेव्हा ते चार पावलं जवळ आलं, बहुधा मदत करायला. तिसरीनंतर कंटाळून निघून गेलं. हा सगळा सोहळा पाहायला माझा धाकटा भाऊ लेलँड हजर होता, आणि लेलँडच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत त्या टेकडीचं नाव 'हुकल्या मास्तरची टेकडी' पडलं. पुढे तर मास्तरला न ओळखणारी पोरंही तिला तेच म्हणू लागली. एकदा रस्तादुरुस्तीच्या लोकांनी खुद्द मास्तरलाच थांबवून विचारलं, "हुकल्या मास्तरची टेकडी कुठे आली हो?" त्यानं बोट दाखवलं. वर जवळचा रस्ताही सांगितला.

पण त्याला ते लागलं होतं. त्या टेकडीवरून जाणारा रस्ता तो टाळायचा, आणि त्यामुळे आम्ही माझ्या बहिणीकडे जायचो ते अख्ख्या डोंगराला वळसा घालून.

मूस मारायचा परवाना आमच्याकडे सोडतीनं मिळतो. धाकट्या मुलीच्या दातांना तारा बसवल्या तेव्हापासून मास्तर दरसाल अर्ज करत होता. आता ती मुलगी आपल्या मुलीच्या दातांना तारा बसवत होती. त्या उन्हाळ्यात पत्र आलं. मूस म्हणजे घोड्याहून उंच, लोंबत्या नाकाचं जनावर, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की मला आधी कोणी विचारलं का नाही? एकदा परवाना लागला की मग कितीतरी वर्षं अर्जही करता येत नाही. मास्तरच्या गुडघ्यांकडे पाहिलं तर हा त्याचा पहिला आणि शेवटचाच मूस होता.

पत्राची घडी घालत तो म्हणाला, "आर्डिस, या वेळी हुकायचं नाही."

एवढंच म्हणाला. यात माझ्या स्वयंपाकघराचा बळी जाणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बातमी कळताच शेजारचा डॉयल पॅगेट कुंपणावरून आत आला. डॉयल निवृत्त पोस्टमास्तर. जन्मभर दुसऱ्यांची मासिकं वाटण्याआधी चाळल्यामुळे त्याला प्रत्येक विषयातलं पहिलं पान माहीत होतं.

"मास्तर, त्या टेकडीवर तुझं काय चुकलं सांगू?" खुर्ची ओढत तो म्हणाला. "तू शिकारीची गोळी वापरलीस."

"मी शिकार करत होतो," मास्तर म्हणाला.

"तेच तर! शिकारीची गोळी जनावर मारायला बनवतात, नेमकी जायला नाही. तू स्पर्धेची गोळी घे. नेमबाज वापरतात ती. कागदावर पाच झाडल्या तरी भोक एकच."

"पण मूस कागदाचा नसतो," मी म्हणाले.

अपुरं तिकीट लावून आलेल्या पाकिटाकडे पाहावं तसं डॉयलनं माझ्याकडे पाहिलं.

यातली गोम मला आधीपासून माहीत होती, कारण माझे वडील शिकारी होते आणि जेवताना दुसरं काही बोलत नसत. शिकारीची गोळी जाड कातडीची असते. आत शिरली की फुलते आणि काम करून मोकळी होते. स्पर्धेची गोळी लांब, पातळ कातडीची, टोकाला बारीक भोक असलेली. ती कागदापर्यंत अगदी शहाण्यासारखी जाते. पुढे जनावर असेल तर तिचा नेम नाही. कधी सुईसारखी आरपार निघून जाते आणि जनावराला पत्ताही लागत नाही, कधी पहिल्याच हाडाला आपटून तिचा भुगा होतो. निम्मं गाव म्हणायचं की तिच्यासारखी गोळी नाही, आणि निम्मं म्हणायचं की असली गोळी वापरणाऱ्याला परवानाच देऊ नये. दोन्ही निम्मी आमच्या घरी कॉफी प्यायला येऊ लागली.

लेलँडही आला. दारातूनच म्हणाला, "बाबांची जुनी बंदूक घेऊन जा. काडतुसं माझ्या पिकअपमध्ये पडलेली आहेत."

"कोणती?" मास्तरनं विचारलं.

"पडलेली."

मेहुण्याची बंदूक घेण्यापेक्षा त्यानं मूसशी कुस्ती खेळली असती.

स्पर्धेच्या गोळ्यांचा डबा आला. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की या गोळ्यांची शिकारीसाठी शिफारस केलेली नाही. दुसऱ्या कोणी ते वाचलंच नसतं. मास्तरनं वाचलं आणि कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईनं त्याचा फोन कायदा विभागाकडे दिला. कायदा विभाग म्हणाला, शिफारस नाही म्हणजे नाही. त्यानं मग गोळी बनवणाऱ्या माणसालाच गाठलं. तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "मी स्वतः गेल्या साली हीच वापरली. पण हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

"पण आत्ता सांगितलंत की," मास्तर म्हणाला.

तिकडून फोन बंद झाला. मग त्यानं वन्यजीव खात्याला विचारलं. आमच्या या खात्याला शिकाऱ्याच्या बंडीचा रंग कोणता असावा याबद्दल मत आहे, मांसाच्या पोत्यावर चिठ्ठी कुठे बांधावी याबद्दल मत आहे, बोटीत किती जीवरक्षक जाकिटं असावीत याबद्दल तर फारच मत आहे. पण ते म्हणाले, "गोळीच्या जातीबद्दल खात्याचं काही मत नाही." मास्तर बराच वेळ फोन हातात धरून बसला. आयुष्यात प्रथमच त्याला कोणी उत्तराशिवाय गणित दिलं होतं.

मग त्यानं ठरवलं की आपणच प्रयोग करून पाहायचा.

इथून माझ्या घराचे हाल सुरू झाले. काडतुसं आता मास्तर घरीच भरणार होता, म्हणून एकेक गोळी तोलायला माझा काटा गॅरेजमध्ये गेला. रिकामी पितळी काडतुसं धुवायला माझी चाळणी गेली, पुसायला माझे टॉवेल गेले. जेवणाच्या टेबलावर बंदूक साफ करायची लांब सळई पडली आणि ती तिथेच राहिली, कारण मास्तरच्या मते एवढी नेमकी बंदूक घरीच, नीट प्रकाशात साफ करायची असते. आम्ही सिंकपाशी उभे राहून जेवू लागलो. मी काही म्हटलं की तो म्हणायचा, "आर्डिस, फक्त हंगामापर्यंत." कुठला हंगाम ते त्यानं सांगितलं नव्हतं.

गोळी मांसात शिरल्यावर काय करते ते पाहायला जाणकार लोक जिलेटिनचा ठोकळा करतात आणि त्यात गोळी झाडतात, असं डॉयलनं कुठल्यातरी मासिकात चाळलं होतं. आमच्या वाणसामानाच्या दुकानात साधं जिलेटिन होतं ते मास्तरनं सगळं उचललं. तरी ठोकळ्याला पुरेना. मग त्यानं उरलेली भर लिंबाच्या जेलीची घातली. आम्हा ल्यूथरन पंथाच्या लोकांच्या गावात साधं जिलेटिन संपेल, पण लिंबाची हिरवी जेली संपायची नाही. ती नसली तर आमच्याकडे कोणाचं लग्न लागत नाही आणि कोणाला पुरताही येत नाही. अशा रीतीनं माझ्या सर्वांत मोठ्या परातीत, जिच्या बुडाला चिकटपट्टीवर 'आर्डिस' असं लिहिलेलं होतं, हिरवागार मूस तयार झाला.

तो दोघांनी मिळून खडीच्या खाणीत नेला आणि त्याच्यावर स्पर्धेची गोळी झाडली. परत आले तेव्हा डॉयलच्या भुवयांवरही जेली होती.

"कशी गेली?" मी विचारलं.

"अप्रतिम!" डॉयल म्हणाला. "तुकडे तुकडे झाले!"

"गोळीचे की जेलीचे?"

"ते आता मोजावं लागेल," मास्तर म्हणाला. त्यानं सगळी जेली पातळ केली, माझ्या पायमोज्यातून गाळली आणि गोळीचे तुकडे काट्यावर ठेवले. वजन कमी भरलं. पुन्हा पातळ केली, पुन्हा गाळली, तरी कमीच. एक कण कुठेतरी राहिलाच होता. जेली टाकून द्यायला त्याचं मन होईना, कारण हिशेब जुळलेला नव्हता. तिसऱ्यांदा गाळायची म्हणून त्यानं ती पुन्हा परातीत ओतली आणि गॅरेजच्या फ्रिजमध्ये ठेवून दिली.

चर्चचं सुगीचं जेवण त्याच आठवड्यात होतं. मी माझी नेहमीची हिरवी जेली केली होती, किसलेलं गाजर आणि अननस घालून, आणि दुसऱ्या परातीत गॅरेजच्याच फ्रिजमध्ये ठेवली होती. आमच्या चर्चच्या स्वयंपाकघरावर बर्डेट राज्य करते. आजवर तिनं तीन पाद्री आलेले आणि गेलेले पाहिले आहेत. तिला कॉफी करायला मदत करावी म्हणून मी पुढे गेले आणि मास्तरला सांगितलं, "फ्रिजमधली माझी परात घेऊन ये."

तो परात घेऊन आला. बुडाला माझं नाव होतं. त्याचं काय चुकलं, असं तो पुढे कितीतरी वर्षं विचारत असे.

बर्डेटनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "यंदा गाजर विसरलीस का गं? आणि साखरेला काय झालं?"

मी वळून पाहिलं. ती माझी जेली नव्हती, मास्तरचा मूस होता. मी तोंड उघडणार तोच पाद्रीसाहेबांच्या टेबलावरून आवाज आला. टक्. पाद्रीसाहेबांनी गाल धरला, दोन बोटं तोंडात घातली आणि काहीतरी चमकतं बाहेर काढलं. तांब्याचा इवलासा तुकडा.

"सापडला!" मास्तर ओरडला आणि हात पुढे करून पाद्रीसाहेबांपाशी धावला. "जपून, पुसू नका! वजन करायचंय!"

या गावात माणसं हसून हसून खुर्चीवरून पडली असतील तर तेव्हाच. पाद्रीसाहेबांची दाढ दुरुस्त झाली, हिशेब जुळला. बर्डेटनं मात्र परात पुसून स्वतःच्या कपाटात ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या वेळेपासून तू कागदी बशा आण, आर्डिस." चाळीस वर्षं जेली करणाऱ्या बाईला कागदी बशा! गोळी मास्तरनं झाडली आणि लागली मला. तेवढ्यापुरता तिचा नेम अचूक होता हे कबूल करावं लागेल.

प्रयोगाचा निष्कर्ष असा निघाला की स्पर्धेची गोळी मूसला मारील किंवा मारणार नाही. डॉयलला एवढं पुरेसं होतं. त्यानं शेवटचा सल्ला दिला. "मास्तर, गोळी पितळात खोल बसवू नकोस. जेमतेम धरून ठेव. बंदुकीत घातलीस की टोक थेट नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना टेकलं पाहिजे. सुरुवातीलाच सरळ, मग पुढे वाकडी जाईल कशाला?"

मास्तरनं तशीच बसवली. कागदावर खरंच एकच भोक पडायला लागलं. तो ते कागद घरी आणायचा आणि पूर्वी नातवंडांची चित्रं लावायचो तिथे, फ्रिजच्या दारावर लावायचा.

हंगामात एका सकाळी आम्ही निघालो. मास्तर, मी आणि लेलँड. लेलँड एवढ्यासाठी की मूस मेला तर तो ओढायला पिकअप त्याचीच होती. आमची वाट त्या बोडक्या टेकडीवरून जात होती. लेलँड तिच्याकडे पाहून काही बोलणार, तेवढ्यात मी त्याच्या हातावर चिमटा काढला.

विलोच्या झुडपांत, डबक्याच्या काठाशी मूस उभा होता. मोठा नर, शिंगं अशी की वर बशा मांडाव्यात. आमच्या ओसरीपासून टपालपेटी जेवढी लांब, तेवढाच लांब. आडवा. तो डहाळ्या खात होता. आमच्यात आणि त्याच्यात फक्त एक तारेचं कुंपण होतं. लेलँड पिकअपपाशी थांबला. मी आणि मास्तर कुंपणापर्यंत वाकून गेलो.

आता कोणाही शहाण्या माणसानं तिथूनच गोळी झाडली असती. पण मधल्या विलोच्या फांद्या मास्तरला आवडल्या नाहीत. कुंपण ओलांडून दोन पावलं पुढे गेलं की मोकळी जागा होती. आणि मास्तर गावातल्या पोरांना बंदूक हाताळायचे नियम शिकवायचा. पहिला नियम असा की कुंपण ओलांडायच्या आधी बंदूक रिकामी करायची.

"मास्तर," मी कुजबुजले, "मूस समोर आहे."

"नियम आहे," तो म्हणाला आणि त्यानं बंदूक उघडली.

पितळी काडतूस बाहेर आलं. गोळी आली नाही. डॉयलच्या सल्ल्यानं ती नळीच्या आट्यांत इतकी सरळ आणि इतकी घट्ट बसली होती की पितळ निघालं तरी ती आतच राहिली. काडतुसातली दारू तिळासारखी सगळ्या बंदुकीत सांडली, घोड्यात गेली, खटक्यात गेली, मास्तरच्या बाहीत गेली. त्यानं नळीत डोकावून पाहिलं. उजेड दिसेना. जिल्ह्यातल्या सर्वांत नेमक्या बंदुकीला बूच लागलं होतं. आता त्यात दुसरं काडतूस घालून चाप ओढला असता तर मूस राहिला असता आणि मास्तर गेला असता.

"सळई?" मी विचारलं.

"जेवणाच्या टेबलावर," तो म्हणाला.

मग त्यानं जे केलं त्याला गणिताचेच शिक्षक लागतात. त्यानं मला विलोची सरळ काठी तोडून आणायला पाठवलं. मूस त्याच झुडपातून खात होता. मी त्याच्यासमोर काठी मोडली. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, आणि दोघांनीही चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मास्तरनं काठी नळीत घातली आणि जोर लावला. काठी मोडली. आता नळीत गोळी होती आणि वर अर्धी विलो होती.

तो कुंपणापाशी गवतात बसला. मी त्याला त्याच्या वडिलांच्या मयतात पाहिलं होतं, पण असं नाही. "आर्डिस," तो म्हणाला, "आता माझं दुसरं नाव पडेल."

बोलण्यासारखं खूप होतं, आणि गेले दोन महिने मी ते तयारही ठेवलं होतं. पण त्याच्या भुवईवर दारूचे काळे दाणे चिकटले होते. मी ते पुसले आणि म्हणाले, "लेलँडकडे बंदूक आहे."

तो उठला. त्याच्या गुडघ्यांनी आवाज केला. मूसनं कान हलवला. मास्तर पिकअपपर्यंत चालत गेला, आणि ती चाल मी विसरणार नाही. टोपी काढून तो म्हणाला, "लेलँड, तुझी बंदूक दे. कृपा करून."

लेलँडला अशी संधी जन्मात मिळाली नव्हती. त्यानं मास्तरकडे पाहिलं, नळीतून बाहेर डोकावणाऱ्या विलोच्या टोकाकडे पाहिलं. मग सीटमागून बाबांची जुनी बंदूक काढली, आणि समोरच्या कप्प्यातून, खिळे आणि पुदिन्याच्या गोळ्या बाजूला सारत, तीन काडतुसं.

"कोणती आहेत?" मास्तरनं विचारलं.

"गोल टोकाची."

"वजन किती? वेग किती?"

"मास्तर," लेलँड शांतपणे म्हणाला, "मूस जेवून उठेल हं."

मास्तर परत आला. बंदूक रिकामी ठेवून त्यानं कुंपण ओलांडलं, मग काडतूस भरलं. एकच गोळी सुटली. मूस दोन पावलं चालला, काहीतरी आठवल्यासारखा थांबला आणि डबक्यात, थेट मधोमध, आडवा झाला. कोरड्या जागी पडला असता तर त्याला मूस म्हटलं नसतं. पुढचे सगळे तास आम्ही तिघं बर्फासारख्या पाण्यात कंबरेपर्यंत उभे होतो; मी एका शिंगाला, लेलँड दोराला, आणि मास्तर मागून ढकलत, दात वाजवत, हसत. होय, हसत. लग्नातसुद्धा तो एवढा हसला नव्हता.

खात्याच्या तपासणी चौकीवर नेहमीचे पुरुष जमलेले होते. डॉयल सर्वांत पुढे. त्यानं पिकअपमध्ये वाकून पाहिलं आणि अपेक्षित प्रश्न विचारला, "कोणती गोळी?"

मास्तरनं तोंड उघडलं. तो खरं सांगणार हे मला माहीत होतं. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. त्याच्या आधी लेलँड बोलला.

"कोणती म्हणजे? ती त्याची स्पर्धेची. एकच झाडली. आवाज पोचायच्या आधी मूस आडवा."

मी लेलँडकडे पाहत राहिले. ज्यानं एक टेकडी बदनाम केली तो माणूस नाक पुसत उभा होता, जणू काही बोललाच नाही. मास्तरचे कान लाल झाले. "नाही, खरं म्हणजे..." तो म्हणाला, पण डॉयलनं त्याला मिठी मारली होती.

माझ्या भावाला मी नंतर विचारलं, "खोटं का बोललास?"

"इतकी वर्षं खरंच बोलत होतो ना, आर्डी?" तो म्हणाला. "त्यानं कोणाचं काय भलं झालं?"

पुढच्या हंगामात निम्म्याहून अधिक गाव स्पर्धेच्या गोळीवर आलं. कोणाचं हरीण आरपार भोक घेऊन शेजारच्या जिल्ह्यात गेलं, कोणाच्या मांसात खडीसारखे तुकडे निघाले. तरी गोळीला कोणी दोष दिला नाही. "आपला हात मास्तरसारखा नाही," असं म्हणत ते मास्तरकडे शिकायला येऊ लागले. ते विलोचं डबकं 'मास्तरच्या नेमाचं डबकं' झालं. टेकडीचं जुनं नाव मागे पडलं.

मास्तर वाळायला लागला. चेष्टा त्यानं इतकी वर्षं सोसली होती, पण स्तुती त्याला सोसेना. शेवटी एका सकाळी, कॉफीच्या दुकानात, सगळ्यांसमोर तो उभा राहिला आणि त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. नळीत अडकलेली गोळी, विलोची काठी, मेहुण्याची बंदूक, पुदिन्याच्या गोळ्यांतली काडतुसं.

मग डॉयल डोळे पुसत म्हणाला, "बघा. याला म्हणतात विनय."

"लेलँडला विचारा!" मास्तर म्हणाला.

सगळे लेलँडकडे वळले. लेलँडनं कॉफी ढवळली. "मास्तर खोटं बोलतोय," तो म्हणाला.

जन्मभर एकही खोटा शब्द न बोललेल्या माणसाला त्या दिवशी गावानं खोटारडा ठरवलं आणि त्याची पाठ थोपटली. घरी येऊन तो सिंकपाशी उभा राहिला. जेवणाचं टेबल केव्हाच मोकळं झालं होतं, पण सवय. "आर्डिस," तो म्हणाला, "पहिलं नाव तरी मी स्वतः कमावलं होतं."

त्यानंतर आम्ही माझ्या बहिणीकडे टेकडीवरच्या रस्त्यानं जाऊ लागलो. रस्त्यात कोणी वाटसरू भेटला तर मास्तर गाडी थांबवून त्याला न विचारताच सांगायचा, "ही हुकल्या मास्तरची टेकडी. मास्तर म्हणजे मी."

तो गेला तेव्हा चर्चच्या तळघरात जेवण होतं. आमच्याकडे घरच्यांनी त्या दिवशी काही करायचं नसतं. बर्डेटनं सगळं केलं होतं. पुरुष भिंतीशी कॉफी घेऊन उभे होते आणि स्पर्धेची गोळी मूसच्या कोणत्या फासळीत शिरली यावर त्यांचा वाद चालला होता. लेलँड त्यांच्यात उभा होता. त्यानं खोलीपलीकडून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याचे डोळे लाल होते.

बर्डेटनं माझ्यासमोर परात आणून ठेवली. हिरवी जेली, गाजर आणि अननस घातलेली. परातीच्या कडेला हात लावला आणि मी ओळखली. बुडाला माझ्या नावाची चिकटपट्टी होती. एवढ्या वर्षांत बर्डेटनं ती काढली नव्हती. तिनं माझ्या हातात सुरी दिली. "पहिला तुकडा तू काप," ती म्हणाली.

मी सुरी घातली. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली, कुठेही अडली नाही. मी ती बाहेर काढली आणि उगीचच, शेजारून, पुन्हा एकदा घातली.